चार पाकिटांची भवानी

१५ मार्च १९५९. गिरगावात एका चाळवजा इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती बायका पापड लाटायला बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांतल्याच एक. हात सगळ्यांचेच सरावाचे, अडचण होती ती भांडवलाची. छगनलाल पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबापा, यांच्याकडून ऐंशी रुपये उसने घेतले होते. त्यातून उडदाचं पीठ, हिंग, मसाला आला. त्या दिवशी भरली चार पाकिटं.

शेजारपाजारच्यांना गळ घातली असती तर ती जिन्यातच खपली असती. बायकांनी भुलेश्वरचा एक व्यापारी गाठला. तो ओळखीचा होता, हे खरं. पण ओळख फार तर दुकानाच्या पायरीपर्यंत पोचवते. पुढे गल्ल्यातून पैसे निघतात ते माल बघून. शिवाय त्यांनी आपसात पक्कं ठरवलं होतं : तोटा आला तरी कुणापुढे मदतीसाठी हात पसरायचा नाही. पुढे लिज्जत पापड म्हणून ओळखल्या गेलेल्या या उद्योगाच्या साऱ्या गोष्टीत मला हा निश्चय सगळ्यात मोठा वाटतो. कीव करून घेतलेलं पाकीट संपलं, की दुसरं मागायला कोणी येत नाही.

पुढे मोह झालाच. दोन प्रतींचे पापड करावेत, हलके स्वस्तात विकावेत, असा बेत होता. छगनबापांनी तिथे मोडता घातला. प्रत एकच ठेवा आणि तिच्यात तडजोड करू नका, हा त्यांचा सल्ला बायकांनी मानला. तुटके पापड शेजाऱ्यांना वाटून टाकले जात. पैसे घेऊन द्यायचे ते अखंडच.

मग पाऊस आला. पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. बसलेली घडी अशी मोडली की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, आणि नव्या धंद्याला ते परवडत नाही. तरी पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांवर गेली.

पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर ओले पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. बाहेर धो धो पाऊस असला तरी उबेवर पापड खडखडीत वाळायचे. त्या पावसाळ्यात लाटणी थांबली नाहीत.