अनुपस्थिताची साक्ष

एखाद्या गरीब माणसाचे नाव घेऊन आपले म्हणणे सिद्ध करण्याचा अधिकार नेत्याला आहे काय? आणि असल्यास, त्या म्हणण्याची शहानिशा कोणी करावी? हा प्रश्न आम्हांस यवतमाळ जिल्ह्यातील जळका या गावाकडे घेऊन जातो.

तेथील कलावतीबाई बांदूरकर यांच्या शेतकरी पतीने २००५ साली आत्महत्या केली. २२ जुलै २००८ रोजी, विश्वासदर्शक ठरावावरील चर्चेत, राहुल गांधी यांनी लोकसभेत त्यांचे नाव घेतले आणि त्यांच्या दारिद्र्याचा संबंध देशाच्या ऊर्जेच्या गरजेशी जोडला. पंधरा वर्षांनी, ९ ऑगस्ट २०२३ रोजी, अविश्वास ठरावाच्या चर्चेत गृहमंत्री अमित शहा यांनी त्यांचाच उल्लेख केला. घर, वीज, शौचालय, धान्य हे त्यांना मोदी सरकारने दिले, असे ते म्हणाले. दूरचित्रवाणीवरून देशाने ते ऐकले. त्यानंतर कलावतीबाईंनी पत्रकारांना सांगितले, की हे खरे नव्हे; आपल्याला मदत झाली ती राहुल गांधींमुळे.

कोणते साहाय्य कोठून आले, हे नोंदी तपासून ठरवता येईल. आमचा प्रश्न निराळा आहे. दोन्ही वेळी जिच्या जीवनाची साक्ष काढली गेली, ती स्त्री सभागृहात नव्हती.

सभागृहाला नियम नाहीत असे नव्हे. कोणावर बदनामीकारक आरोप करावयाचा तर अध्यक्षांना आगाऊ सूचना द्यावी लागते. अनुचित शब्द कामकाजातून वगळता येतात. एखाद्या निवेदनातील चूक निदर्शनास आणण्याचीही तरतूद आहे; परंतु ती सभासदांसाठी. ज्याची बदनामी झाली नाही, केवळ उदाहरण म्हणून वापर झाला, अशा माणसासाठी हे नियम अपुरे पडतात. शिवाय राज्यघटनेच्या १०५व्या अनुच्छेदानुसार संसदेतील भाषणाबद्दल न्यायालयात दाद मागता येत नाही. हे संरक्षण आम्हांस अनाठायी वाटत नाही. खटल्याच्या धाकाने लोकप्रतिनिधी गप्प बसले, तर गरिबांचाच आवाज हरपेल. मात्र जेथे न्यायालयाचा मार्ग बंद, तेथे उत्तराचा मार्ग तरी खुला हवा. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटने १९८८ साली तो खुला केला. तेथे ज्या व्यक्तीचा उल्लेख झाला व त्यामुळे जिची हानी झाली, ती आपले लेखी उत्तर सिनेटच्या अध्यक्षांकडे पाठवू शकते आणि ते स्वीकारले गेल्यास सभागृहाच्या नोंदीत समाविष्ट होते.

प्रायश्चित्तकाळात आपण सुझान्नेची कथा ऐकतो. तिच्यावर आळ घेणारे दोघे समाजाचे वडीलधारे व न्यायाधीश होते. म्हणून लोकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. तरुण दानिएलने काय केले? त्या दोघांना वेगळे केले आणि प्रत्येकाला एकच साधा प्रश्न विचारला: कोणत्या झाडाखाली? उत्तरे जुळली नाहीत आणि एका निरपराध स्त्रीचे प्राण वाचले. अधिकारपदाचा मान राखणे वेगळे, आणि त्या पदामुळे प्रश्न विचारणे टाळणे वेगळे.

खोट्या साक्षीस मनाई करणारी आठवी आज्ञा बोलणाऱ्याला बांधते, हे आपण मुलांना शिकवतो. ती ऐकणाऱ्यालाही बांधते, असे आम्हांस वाटते. आवडत्या नेत्याचे विधान आनंदाने पुढे सांगणारा माणूस त्या साक्षीत सहभागी होतो. तेव्हा घरातील दूरचित्रवाणीसमोर वाद रंगला, की आपल्या पक्षाच्या वक्त्यालाही आपण विचारावे: हे तुम्हांला कसे कळले? ज्यांच्याविषयी बोलता, त्यांना विचारले काय? आणि मते मागण्यासाठी तोच नेता दारी आला, म्हणजे हाच प्रश्न त्याच्यासमोर, विनयाने पण स्पष्टपणे, मांडावा.