ऐकणाऱ्याचे काम

दुसऱ्याच्या संकटाची बातमी आपल्या कानी येते, पण मदतीला धावून जाणे आपल्या हाती नसते. अशा वेळी नुसते ऐकणे हा दोष आहे काय?

जोयडा तालुक्यातील अणशीच्या बाजूस मार्च महिन्यात रानात पाचोळ्याचा थर साचतो, आणि विडीच्या एका थोटकाने वणवा लागू शकतो. हल्ली उपग्रहाने आग टिपली की देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून मोबाईलवर सूचना येते. पण आगीपाशी उभ्या असलेल्या माणसाची हकिकत वायरलेसवरूनच कळते.

काही वर्षांपूर्वी उपासनेसाठी त्या भागात गेलो असता एका वनरक्षकाजवळ बसून मी त्याचा संच ऐकत होतो. या संचाची एक रीत आहे. बोलण्यासाठी बटण दाबावे लागते, आणि ते दाबलेले असेपर्यंत दुसऱ्याचे ऐकू येत नाही. डोंगर आड आला तर आवाज पोहोचत नाही. म्हणून एक माणूस उंचावर बसतो व दरीतला निरोप पलीकडे पोहोचवितो.

दरीतून आवाज आला, वारा फिरला. वरच्या माणसाने ते शब्द जसेच्या तसे उच्चारले, कोणत्या बाजूस ते विचारले, आणि निरोप पुढे दिला. बाकी सर्व गप्प. मी मात्र शेजाऱ्याला म्हणालो, “मोठीच आग दिसते, बरं का!” वनरक्षक हळूच म्हणाला, “मास्तर, जरा थांबा.” त्याला पुढचे शब्द ऐकायचे होते, आणि ते माझ्या बोलण्यात बुडाले होते.

प्रिय वाचकहो, त्या रात्री मला स्वतःची लाज वाटली. उंचावरचा माणूसही ऐकत होता आणि मीही ऐकत होतो. त्याने आगीवर एकही फांदी मारली नाही, तरी दरीतल्या माणसांचा जीव त्याच्या कानांवर अवलंबून होता. मी मात्र गोष्ट ऐकावी तसा ऐकत होतो.

५ ऑगस्ट १९४९ रोजी अमेरिकेतील मॉन्टाना राज्यात मॅन गल्च येथे वणवा विझविण्यास विमानातून माणसे उतरली. त्यांच्या रेडिओची हवाई छत्री उघडली नाही व तो फुटला. आग अंगावर येताच नायक डॉज याने पुढचे गवत स्वतःच पेटविले व त्या जळलेल्या जागेत येण्यास सर्वांना हाक मारली. ती ऐकू आली नाही की पटली नाही, कोण सांगणार? कोणीही आले नाही. डॉज वाचला; १३ जण प्राणास मुकले. हाक मारणारा असून भागत नाही, ऐकणाराही लागतो.

आपल्या मंडळीत काय होते? एखाद्या घरचे दुःख प्रार्थनेचा विषय म्हणून सांगितले जाते, आणि आठवडाभरात त्याला चार फाटे फुटलेले असतात. याकोबाने आपल्या पत्रात जिभेला रान पेटविणाऱ्या ठिणगीची उपमा दिली, ती उगीच नव्हे.

तेव्हा नुसते ऐकणे हा दोष नाही. चवीने ऐकणे हा दोष आहे. ऐकले ते नीट विचारून घ्यावे, त्यात भर घालू नये, आणि जो मदत करू शकेल त्याच्यापर्यंतच न्यावे. तसा कोणी नसेल, तर ते देवापाशी न्यावे आणि माणसांत गप्प राहावे.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, येत्या रविवारी वर्गातले एखादे मूल अडखळत काही सांगू लागले, तर आपले बटण सोडा.