श्वासाची विद्या आणि तिचा अधिकार

भारतीय परंपरेत अधिकार म्हणजे एखादी विद्या ग्रहण करण्याची पात्रता होय. ती भाषेवरून ठरावी काय, या प्रश्नाला ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये गीतेचा अर्थ मराठीत मांडून उत्तर दिले, तरी मालवणच्या किनाऱ्यावर तो आज नव्या रूपाने उभा आहे. तेथील तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था असून, स्थानिक तरुण पर्यटकांना प्रवाळ दाखवण्यासाठी पाण्याखाली नेतात; या तरुणांना ही विद्या मातृभाषेत शिकवावी काय, हे त्या प्रश्नाचे नवे रूप होय.

या विद्येचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखू नये, कारण दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो आणि तेथे छातीत भरलेली हवा वर येताना प्रसरण पावून फुप्फुस फाडू शकते. कुंभक, म्हणजे श्वास धरून ठेवण्याची प्राणायामातील क्रिया, येथे घातक ठरते. हा नियम परक्या भाषेत पाठ करता येईल, परंतु भीतीच्या क्षणी शरीर श्वास रोखू पाहते आणि तेव्हा पाठांतर नव्हे, तर मुरलेली समज कामी येते; म्हणून मातृभाषेतील शिक्षणाला सवलत म्हणणे चूक आहे, कारण दुसऱ्याचे प्राण हाती घेणाऱ्याच्या धर्माचा, म्हणजे कर्तव्याचा, तो भाग आहे.

शिवाय गाबीत, म्हणजे परंपरेने मासेमारी करणाऱ्या समाजातील तरुण, प्रवाह, भरती-ओहोटी आणि खडक यांचे ज्ञान घेऊनच वर्गात येतो. त्याला शंका विचारता येणार नाही अशा भाषेत शिकवणे म्हणजे त्या ज्ञानाला अज्ञान ठरवणे होय.