आधी दीक्षा उपालीला



नवे कुटुंब विहारात येते. त्रिशरण-पंचशील होते, बावीस प्रतिज्ञा होतात. मग चहाचा कप हाती देता देता कुणीतरी हळूच विचारतो, "तुम्ही मूळचे कोण?" विचारणाऱ्याच्या मनात पाप नसेलही. पण ज्या प्रश्नाला विटून माणूस जुना धर्म सोडून आला, तोच प्रश्न विहारात त्याची वाट पाहत बसलेला असावा, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

तथागतांनी आषाढी पौर्णिमेस सारनाथला पाच परिव्राजकांना पहिला उपदेश केला. चैनीत लोळणे नको, देहाला छळणेही नको. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर करता येते आणि त्यासाठी अष्टांगिक मार्ग आहे, हे त्यांनी सांगितले. पुढे वाराणसीच्या श्रेष्ठीचा मुलगा यश आला. त्याला शोधत आलेला त्याचा पिता त्रिशरण घेणारा पहिला उपासक झाला. यशाची आई आणि पत्नी या त्रिशरण घेणाऱ्या पहिल्या उपासिका. एका घरातली माणसे अशी एकापाठोपाठ धम्मात आली, हे आमच्या माताभगिनींनी ध्यानात ठेवावे.

परंतु आज मला सांगायची आहे ती उपालीची कथा. विनयपिटकात ती आली आहे. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे सहा शाक्य कुमार प्रव्रज्या घेण्यास निघाले. सोबत त्यांचा न्हावी उपाली होता. सीमेपलीकडे गेल्यावर त्यांनी अंगावरचे दागिने उतरवून उपालीला दिले आणि म्हटले, तू परत जा, यावर तुझे पोट भरेल. उपाली निघाला. पण त्याच्या मनात आले, शाक्य तापट आहेत; कुमारांना यानेच मारले असे समजून ते माझा जीव घेतील. गरिबाच्या हाती सोने दिसले की संशय आधी त्याच्यावरच येतो, हे त्याला ठाऊक होते! त्याने गाठोडे झाडाला टांगले, ज्याला दिसेल त्याने न्यावे म्हटले, आणि तो कुमारांकडे परतला.

सातहीजण अनुपिय येथे भगवंतांपाशी गेले. तेव्हा कुमारच म्हणाले, "भगवान, आम्ही शाक्य फार अभिमानी. हा उपाली आजवर आमची सेवा करीत आला. याला आधी दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला याला वंदन करावे लागेल आणि आमचा अभिमान उतरेल." भगवंतांनी तसेच केले. आधी उपाली, मग राजकुमार. संघात ज्येष्ठपणा दीक्षेवरून ठरे. कुळ, पैसा, वय यांवरून नव्हे. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत महाकाश्यपांनी विनयाविषयी प्रश्न विचारले ते याच उपालीला.

नुसत्या व्याख्यानाने अभिमान जात नाही, गुडघा वाकवावा लागतो, हे त्या कुमारांना कळले होते. धम्मात जी दहा बंधने सांगितली आहेत त्यांत 'मान' आठवे आहे, म्हणजे बऱ्याच वाटचालीनंतरही ते चिकटून राहते. गंगा, यमुना, अचिरवती, शरयू, मही या नद्या समुद्रात शिरल्या की आपली नावे टाकतात, तसे संघात येणाऱ्याने जुने नाव-गोत्र टाकावे, असा भगवंतांचा दृष्टांत आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या प्रतिज्ञांत नववी आणि दहावी समतेची आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही उपाली आणि सफाईकाम करणारा सुणीत यांच्या दीक्षा त्यांनी मुद्दाम सांगितल्या आहेत.

कुणी म्हणेल, गुरुजी, शाळेच्या दाखल्यावर तर जात लागतेच! लागते, आणि ती लिहावीच. १९९० पासून केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही मिळतात. तो कायद्याचा हक्क आहे. परंतु दाखल्यावरचा रकाना चहाच्या कपात कशाला? आणि सोयरिकीच्या बोलण्यात कशाला? तीन पिढ्या बौद्ध असलेली घरेसुद्धा मुलीचे स्थळ पाहताना पोटजात विचारतात. मग काल दीक्षा घेतलेल्या मातंग किंवा भटक्या-विमुक्त कुटुंबाने आमच्याकडून काय शिकावे?

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. विहाराविहारांत ग्रंथवाचन होते. पहिल्या दिवशी वाचनाला नव्याने आलेल्या घरातली मुलगी बसवावी आणि जुन्या मंडळींनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे.