आठवणी आपल्या, अब्रू दुसऱ्याची

आत्मचरित्र लिहू पाहणाऱ्यास संपादक सहसा दोन गोष्टी सांगतो : पाल्हाळ टाळा आणि प्रामाणिकपणे लिहा. पहिली सूचना कात्रीने पाळता येते. दुसरी वाटते तितकी सोपी नाही. कारण आपले आयुष्य आपल्या एकट्याचे कधीच नसते. आपली कहाणी सांगू लागलो की आईवडिलांची, भावंडांची, शेजाऱ्यांची कहाणीही सांगून होते. आणि त्यांना आपण विचारलेले नसते.

कादंबरीचा आडोसा घेतल्याने हा प्रश्न सुटतो काय? अमेरिकन लेखक थॉमस वुल्फ याची ‘लुक होमवर्ड, एंजल’ ही कादंबरी १९२९ साली प्रसिद्ध झाली. मॅक्सवेल पर्किन्स या नामांकित संपादकाने तिचे अवाढव्य हस्तलिखित छाटून त्यास आकार दिला. वुल्फने ॲशव्हिल या आपल्या गावाचे नाव बदलले, माणसांचीही बदलली. तरी गावाने स्वतःला ओळखलेच. रोष एवढा झाला की १९३७ पर्यंत तो गावी परतला नाही. टोपणनावाने ओळख लपत नाही आणि जबाबदारीही टळत नाही.

संत ऑगस्टीन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस ‘कन्फेशन्स’ लिहावयास घेतले. किशोरवयात केलेली नासपतीची चोरीदेखील त्यांनी त्यात लपविली नाही. परंतु ज्या स्त्रीसमवेत त्यांनी अनेक वर्षे संसार केला, जी त्यांच्या पुत्राची माता होती, तिचे नाव त्यांनी कोठेही लिहिले नाही. काहींना यात तिची उपेक्षा दिसते, आणि तो आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि स्वतःचे पाप उघडे करताना दुसऱ्याला चव्हाट्यावर न आणण्याची वाटही त्यात आहे.

याचा अर्थ अन्याय सोसलेल्याने मुकाट राहावे असा नव्हे. दुसऱ्याचे दोष सबळ कारणाविना उघड करणे हे पाप होय, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दुबळ्याचे रक्षण हे सबळ कारण आहे. जुना हिशेब चुकता करणे हे नव्हे. दोहोंत भेद करणे अवघड असते, कारण सूडही पुष्कळदा सत्याचाच झगा घालून येतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली निघाला. पतीचा तापट स्वभाव त्यांनी झाकला नाही. पण स्वतःच्या सोवळ्याओवळ्याची फजितीही तितक्याच मोकळेपणाने सांगितली. म्हणून त्यांच्या सत्याला धार आहे, विष नाही.

लेखणी हाती घेणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना आमचे एवढेच सांगणे : दुसऱ्याविषयी कठोर ओळ लिहून झाली की ती त्याच्यासमोर बसून वाचून दाखविता येईल काय, हे स्वतःस विचारावे. येत असेल तर ती खुशाल ठेवावी. येत नसेल, तर ती भीतीपोटी अडते की लाजेपोटी, हे आधी तपासावे. भीतीपोटी सत्य खोडू नये. लाज वाटत असेल तर मात्र ती ओळ वाचकासाठी नव्हतीच.