आमचं आणि आपलं



जूनमध्ये ज्या पावसासाठी आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो, तोच पाऊस मार्चमध्ये आला की परभणी जिल्ह्यात घरोघरी धडकी भरते. रब्बीची ज्वारी काढणीला आलेली असते, गहू उभा असतो, कापलेला हरभरा रानात पडलेला असतो. ज्यांना शेत नाही त्यांच्याही गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण असते. ढग गडगडले की लाईट जाते आणि वाळवण उचलायला शेजारच्या मावशीही धावून येतात.

२०१४ चा प्रायश्चित्तकाळ अनेकांना आठवत असेल. त्या वर्षी ५ मार्चला राखेचा बुधवार होता. फेब्रुवारीच्या अखेरीस सुरू झालेला अवकाळी पाऊस आणि गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात व राज्याच्या इतर भागांत चालूच होती. उभी ज्वारी आडवी झाली, दाणे काळे पडले, कडबा भिजला, आंब्याचा मोहर झडला. २०२३ च्या मार्चमध्येही मराठवाड्याने पुन्हा असेच दिवस पाहिले.

अशाच एका मार्चमधील गोष्ट. आमच्या परिचयातील दोन घरांची शेते बांधाला बांध लागून आहेत. गारा आल्या, तेव्हा एकाचे रान पांढरे झाले आणि दुसऱ्याकडे नुसते चार थेंब पडले. संध्याकाळी ज्यांचे वाचले त्या घरातील बाई सहज बोलून गेल्या, “देवाची कृपा, आमचं वाचलं.” समोर शेजारच्या वहिनी बसल्या होत्या. त्या काहीच बोलल्या नाहीत. चहा तसाच ठेवून उठून गेल्या.

त्या बाईंचे काय चुकले? देवाचे आभार मानणे हे काही पाप नाही. पण आमचे वाचले ही देवाची कृपा असेल, तर शेजाऱ्याचे गेले ते काय? त्याच्यावर देव रागावला होता काय? हा प्रश्न वहिनींनी विचारला नाही, पण तो त्या मनात घेऊन गेल्या.

गार कशी पडते हे आपण जाणतो. उंच वाढलेल्या ढगात वर चढणारी हवा पाण्याचे थेंब वर नेते, ते गोठतात, आणि वजन पेलेनासे झाले की खाली येतात. गारांचा पट्टा कित्येकदा इतका अरुंद असतो की एक शेत झोडपले जाते आणि लगतचे सुटते. कोण मिस्साला येतो आणि कोण येत नाही, हे ढग पाहत नाही. प्रभू येशूनेही हेच शिकवले आहे. पिता चांगल्यांवर आणि वाइटांवर सारखाच पाऊस पाडतो, असे तो डोंगरावरील प्रवचनात सांगतो. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असेही त्याने बजावले.

मग आभार मानायचेच नाहीत काय? जरूर मानावेत. पण कृपा म्हणजे निवाडा नव्हे. आपले वाचले ते आपण अधिक चांगले होतो म्हणून नव्हे. जे हाती राहिले ते कशासाठी राहिले, हा प्रश्न मात्र आपल्याला टाळता येत नाही.

पंचनाम्याच्या दिवशी याचीच परीक्षा होते. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले तर शासनाची मदत मिळते. २०१५ पूर्वी ही अट ५० टक्क्यांची होती. ज्याचे पीक शाबूत आहे त्यालाही तेव्हा वाटते, यादीत आपले नाव घालून घ्यावे, सगळेच घालतात. सकाळी “देवाची कृपा, आमचं वाचलं” म्हणणारे तोंड दुपारी “आमचंही गेलं” म्हणते. मग सकाळचे आभार खरे की दुपारची तक्रार?

त्या बाईंची गोष्ट अजून संपलेली नाही. रात्रभर त्यांना चैन पडले नाही. सकाळी विळा आणि रिकामे पोते घेऊन त्या वहिनींच्या शेतावर गेल्या. माफीबिफी काही मागितली नाही. एवढेच म्हणाल्या, “चला वहिनी, आपलं जेवढं हाती लागतंय तेवढं येचू.” दोघी दुपारपर्यंत चिखलातली कणसे वेचत होत्या. पुढे उन्हाळ्यात वहिनींच्या बैलांना कडबाही त्याच घरातून गेला.

आपल्या मराठीत ‘आमचं’ आणि ‘आपलं’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आमचं’ म्हटले की समोरचा माणूस बाहेर राहतो, ‘आपलं’ म्हटले की तो आत येतो. कालच्या आणि आजच्या बोलण्यात फरक होता तो एवढाच.

पुढच्या वेळी आभाळ भरून येईल, तेव्हा आपण आपल्या शेतासाठी, आपल्या वाळवणासाठी प्रार्थना करूच. पाऊस उघडल्यावर मात्र आधी बांधापलीकडे एक चक्कर टाकू या. आभार मानायला संध्याकाळ आहेच.