उमेदवारी किती दिवस?

कोल्हापुरांत चित्रपटाच्या जुन्या गोष्टी निघाल्या, कीं बोलणें हटकून १९२९ सालच्या फाटाफुटीवर येतें. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत तयार झालेले दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम बाहेर पडले व सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनीं १ जून रोजीं येथेंच 'प्रभात' स्थापन केली. कोणी यास कृतघ्नता म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पण प्रश्न सोपा आहे असेंही आम्ही म्हणणार नाहीं. कारण पेंटरांनीं शिष्यांना दाबून ठेविलें नव्हतें. पडेल तें काम करीत वर आलेल्या शांतारामांकडे १९२७ सालीं 'नेताजी पालकर'चें दिग्दर्शन त्याच कंपनींत आलें होतें.

आज हाच प्रश्न दूरचित्रवाणीच्या मालिका लिहिणाऱ्यांच्या हाताखालील सहायकांपुढें उभा आहे, आणि तो अधिक अवघड रूपांत. मालिकेबरोबर कथा, पटकथा, संवाद अशीं निरनिराळीं नांवें झळकतात. मागच्या भागांत कोण काय बोललें याची आठवण ठेवणारा, प्रवेशांचे कच्चे खर्डे लिहिणारा, वाहिनीनें सुचविलेले फेरफार रात्रीं बसून उतरविणारा बहुधा त्यांत नसतो. रोजचा भाग रोज जावयाचा असतो. तेव्हां जो सहायक सर्वांत उपयोगी, त्यालाच जागचा हलूं देणें सर्वांत गैरसोयीचें! कोल्हापुराहून मुंबईस गेलेल्या अशा मुलाची आई नांवें सरेपर्यंत पडद्यासमोर बसते, आणि मग भाजी निवडावयास उठते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत २०१२ सालीं दुरुस्ती होऊन लेखकांच्या रॉयल्टीच्या हक्कास बळकटी आली खरी. परंतु ज्याचें नांवच नाहीं, त्यानें आपण लेखक आहों हें दाखवावें कसें?

'आम्हीही असेंच शिकलों' हें वडीलधाऱ्या लेखकांचें उत्तर आम्हांस अर्धेंच पटतें. शिक्षण हेंच वेतन म्हणावयाचें, तर तें शिक्षण वाढत गेलें पाहिजे. तिसऱ्या वर्षींही पहिल्या वर्षाचेंच काम करवून घेणें ही उमेदवारी नव्हे, स्वस्त चाकरी आहे. पेंटरांच्या हाताखालीं दामले कॅमेरा बनविण्यांत होते. शांतारामांनीं 'सावकारी पाश'मध्यें भूमिकाही केली. तेथून निघालेला मनुष्य पुरा कारागीर होऊन निघाला.

मात्र शिष्य मोठा करण्याची किंमत गुरूस मोजावी लागते. 'प्रभात'च्या जन्मानंतर थोड्याच वर्षांत महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. आजच्या लेखकास तें भय वाटत असेल, तर तें खोटें नाहीं. तरीही तिसऱ्या वर्षाअखेर एक संबंध भाग आणि त्यावर नांव, एवढें त्यानें सहायकास द्यावें असें आम्हांस वाटतें. मानधनाचें मागाहून पाहतां येईल. नाहीं, तेंही त्याच दिवशीं ठरावें.